मुळी खोटी नव्हती

आमच्या उचगावातल्या मामाला लकवा मारला, त्या दिवशी दवाखान्यात त्याचे कपडे माझ्या हातात दिले. शर्टाच्या खिशात दोन गोष्टी होत्या. एक बीपीच्या गोळ्यांची पट्टी, दहातल्या आठ गोळ्या तशाच. दुसरी वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली तपकिरी पुडी.

मामा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत टर्नर. कारखान्यातल्या तपासणी शिबिरात त्याचं बीपी १७०/१०४ निघालं. डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी लिहून दिली आणि सांगितलं, 'आता ही कायमची.' मामानं चार महिने घेतली. पण 'कायमची' हा शब्द त्याच्या डोक्यातून जाईना. मला काहीच होत नाही, दुखत नाही, खुपत नाही, मग मरेपर्यंत गोळी कशाला? मग हायवेच्या कडेला तंबू टाकून बसलेल्या एका जडीबुटीवाल्यानं त्याला हवं ते वाक्य दिलं. 'साहेब, गोळी आजार दाबते. मुळी आजार मुळातून काढते.'

पहिल्या पुडीनं मामाला खरंच बरं वाटलं. झोप लागायला लागली, चिडचिड कमी झाली. फक्त नाक सारखं चोंदलेलं असायचं. 'भाच्या, मुळीचा नाद खुळा!' असं तो मला फोनवर म्हणाला होता. गोळी बंद झाली. दुसरी पुडी आली. ती संपायच्या आत एका पहाटे मामा मोरीत कोलमडला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. पाय आता थोडा उचलतो. स्वतःचं नाव सांगायला अजून वेळ लागतो.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पुडी बघितली आणि म्हणाले, 'झाडपाला खाल्ला की हेच होणार.' घरी आल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, 'भेसळीची असणार रे. खरी मुळी मिळाली असती तर असं झालंच नसतं.'

मला या दोन्ही वाक्यांचा राग आहे. दोन्ही बोलणाऱ्यांना आपण बरोबर आहोत याची पक्की खात्री आहे, आणि दोघांनाही त्या मुळीची गोष्ट माहीत नाही. ती गोष्ट आपल्याच राज्यात, मुंबईत घडली होती. ती माहीत असती तर डॉक्टर मामाला हसले नसते आणि मामानं गोळी सोडली नसती.

रूझवेल्टकडे नसलेली गोळी

१२ एप्रिल १९४५. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट खुर्चीत बसले होते. अचानक डोकं धरलं आणि बेशुद्ध पडले. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टरांनी मोजलं तेव्हा बीपी ३००/१९० होतं. त्याआधीची कित्येक वर्षं ते वाढतच होतं आणि डॉक्टरांना ते माहीत होतं. पण जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला देण्यासाठी भरवशाची गोळीच नव्हती. मीठ बंद करा, विश्रांती घ्या, नाहीतर पाठीतल्या नसा कापायचं मोठं ऑपरेशन करा, एवढंच त्या काळच्या वैद्यकाच्या हातात होतं.

चार वर्षांनी, १९४९ मध्ये, 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये एक शोधनिबंध आला. लेखक मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील. विषय : उच्च रक्तदाबावर सर्पगंधेच्या मुळीची चाचणी. त्यांनी ५० रुग्ण घेतले, वाळवलेल्या मुळीच्या गोळ्या दिल्या, बीपी आधी मोजलं, देताना मोजलं, थांबवल्यावर मोजलं आणि आकडे जसे आले तसे छापले.

हा निबंध बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स या डॉक्टरांनी वाचला आणि मुळी आपल्या रुग्णांवर वापरून बघितली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य रसायन वेगळं काढलं. त्याचं नाव रेसर्पिन. १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकात नोबेलच्या खालोखाल ज्याचं नाव घेतात, तो हा पुरस्कार.

डॉ. वकिलांच्याही आधी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहून ठेवलं होतं की ही मुळी वेडावर आणि रक्तदाबावर चालते. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि त्यांचे सहकारी यांनी मुळीतून एक अल्कलॉइड काढलं आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला 'अजमलिन' म्हटलं. हृदयाच्या ठोक्यांतला एक विशिष्ट दोष हुडकायला आजही हृदयरोगतज्ज्ञ ते वापरतात.

पुढची गोष्ट तर कुठल्याच फॉरवर्डमध्ये येत नाही. बीपी कमी केल्यानं माणूस खरंच वाचतो का, हे १९६०च्या दशकापर्यंत सिद्ध झालेलं नव्हतं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी ते तपासलं. खालचं बीपी ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष घेतले. निम्म्यांना खऱ्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या खोट्या. खऱ्या उपचारात तीन औषधं होती आणि त्यातलं एक होतं रेसर्पिन. १९६७ मध्ये निकाल छापून आला. खोट्या गोळीच्या गटात २७ गंभीर घटना, खऱ्या गोळीच्या गटात २. 'बीपीची गोळी घ्या, नाहीतर लकवा मारेल' असं आज कुठलाही डॉक्टर ज्या आत्मविश्वासानं सांगतो, त्या आत्मविश्वासाच्या पायात सर्पगंधेची मुळी आहे.

त्यामुळे 'झाडपाला' म्हणून हसणाऱ्या डॉक्टरसाहेबांना माझं एवढंच सांगणं आहे, की तुम्ही तुमच्याच शास्त्राच्या आजीला हसताय.

पाच हजार वर्षांची थाप

आता दुसऱ्या बाजूकडे येऊ. तंबूवाले, रील बनवणारे आणि फॅमिली ग्रुपवर 'आपल्या ऋषींनी पाच हजार वर्षांपूर्वीच बीपीवर औषध शोधलं होतं' असं टाकणारे.

शोधलं नव्हतं. शोधणं शक्यच नव्हतं. दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं यंत्र इटलीत रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये आणलं. स्टेथोस्कोप लावून वरचं आणि खालचं असे दोन आकडे ऐकायची पद्धत रशियात कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितली. त्याआधी जगात जवळजवळ कुणालाच आपलं बीपी किती हे माहीत नव्हतं. आणि बीपीला बहुतेक वेळा लक्षणच नसतं. मामाला काही होत नव्हतं, तोच तर खरा घोटाळा होता. जो आजार दिसत नाही, दुखत नाही आणि मोजता येत नाही, त्यावर औषध शोधणार कसं?

मग परंपरेला काय माहीत होतं? साप-विंचवाच्या दंशावर ही मुळी देत. झोप न येणाऱ्याला, बेभान झालेल्या माणसाला देत. बिहारकडे तिला 'पागल की दवा' म्हणूनच ओळखत. मुळी दिली की माणूस शांत होतो, झोपतो, हे निरीक्षण पिढ्यानपिढ्यांचं आहे आणि खरं आहे. त्या निरीक्षणाला मी हात जोडतो. पण त्या निरीक्षणापासून 'बीपी इतक्या आकड्यांनी उतरलं' इथपर्यंत यायला पट्टा, पारा आणि वही लागली. परंपरेनं दार दाखवलं. आत जायला मोजावं लागलं.

ज्यांना परंपरेचा अभिमान आहे त्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा. तो समजून न घेता पाच हजार वर्षांचा आकडा फेकला, की डॉ. वकील, सेन, बोस आणि सिद्दिकी यांची खरी, नावानिशी नोंदलेली कामगिरी पुसली जाते. खोटा अभिमान खऱ्या अभिमानाला गिळतो.

चमचा म्हणजे किती?

सर्पगंधा म्हणजे गुडघ्या-कमरेएवढं झुडूप. मराठीत तिला अडकई असंही म्हणतात. पांढरी-गुलाबी फुलं, पिकली की काळी पडणारी फळं, आणि चवीला कडूजहर मुळी. आपल्या पश्चिम घाटातल्या ओलसर रानात ती उगवते. औषधी द्रव्य मुख्यतः मुळीच्या सालीत असतं.

शरीरात रेसर्पिन काय करतं? आपल्या मज्जातंतूंच्या टोकांना बारीक पिशव्या असतात. त्यांत नॉरअ‍ॅड्रेनलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही निरोप पोचवणारी रसायनं साठवलेली असतात. रेसर्पिन त्या पिशव्या भरायचं काम बंद पाडतं. साठा हळूहळू संपतो. रक्तवाहिन्यांना 'आवळा' म्हणून जाणारा निरोप क्षीण होतो आणि बीपी उतरतं. पण हाच साठा मेंदूतही संपतो. म्हणून माणूस सुस्तावतो. उदासपणाच्या तक्रारी येतात. ठोके मंदावतात, पोटातलं आम्ल वाढतं. आणि नाक चोंदतं.

हे वाचताना मी थांबलो. मामाचं नाक चोंदलं होतं, झोप वाढली होती. म्हणजे पहिल्या पुडीत बहुधा खरी मुळी होती. मग दुसऱ्या पुडीत काय होतं? त्याच झुडपाची मुळी की दुसऱ्याच कुठल्या झाडाची? सर्पगंधेच्या नावाखाली तिच्या चुलत जाती सर्रास विकल्या जातात. मुळी किती वर्षांची होती, कुठल्या मातीतली, कधी उपटलेली, सालीसकट होती की नुसता आतला गाभा? या प्रत्येक गोष्टीनं आतलं द्रव्य कमी-जास्त होतं.

साधा हिशोब करा. रेसर्पिनची बीपीसाठीची रोजची मात्रा पाव मिलिग्रॅमच्या आत असते. मुळीत हजारात एक भाग रेसर्पिन धरलं, तर एक ग्रॅम पुडीत एक मिलिग्रॅम झालं, म्हणजे चौपट. भरलेल्या चमच्यात दोन-तीन ग्रॅम पूड बसते. आणि पुडी दुसऱ्याच झाडाची असेल तर रेसर्पिन शून्य. 'सकाळी एक चमचा कोमट पाण्यातून' या एका वाक्यात शून्यापासून दहापटीपर्यंत काहीही बसतं. मामा लेथवर काम करायचा. शंभरावा भाग मिलिमीटर चुकला तर जॉब बाद होतो, हे त्याला माहीत होतं. स्वतःच्या मेंदूसाठी मात्र त्यानं चमचा हे माप चालवून घेतलं.

'पण नैसर्गिक आहे ना, नुकसान तर नाही?' असं विचारणाऱ्यांसाठी आणखी एक मुळी. ज्येष्ठमध. घशाला आराम म्हणून घराघरात चघळतात, आणि थोडंसं चघळायला हरकतही नाही. पण तेच रोज, भरपूर, आठवडेच्या आठवडे घेतलं तर त्यातलं ग्लिसरायझिन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घटवतं आणि बीपी वाढवतं. एक मुळी बीपी उतरवते, दुसरी चढवते. दोन्ही नैसर्गिक. निसर्गानं तुमच्या मामाचं भलं करायचा करार केलेला नाही.

उंदरांनी किती काळ मरायचं?

माझं तिसरं भांडण प्रयोगशाळांशी आहे.

औषधी मुळ्यांवर आपल्याकडे संशोधन होत नाही असं नाही. ते ठरावीक साच्यातून निघत राहतं. मुळी आणायची, अर्क काढायचा, उंदरांचं बीपी मुद्दाम वाढवायचं, अर्क पाजायचा, बीपी उतरल्याचा आलेख काढायचा आणि शेवटी लिहायचं : 'ही वनस्पती उच्च रक्तदाबावर संभाव्य उपचार ठरू शकते, अधिक संशोधनाची गरज आहे.' ते अधिक संशोधन कुणी करायचं? पदवी मिळते, पदोन्नती मिळते आणि मुळी 'संभाव्य' याच शब्दावर थांबते. मग तंबूवाला तोच शब्द उचलतो, त्यातलं 'संभाव्य' गाळतो आणि 'विज्ञानानेही सिद्ध' असा फलक लावतो.

१९४९ मध्ये डॉ. वकिलांकडे आजच्यासारखी यंत्रं नव्हती. तरी त्यांनी माणसांवर मोजलं आणि छापलं. आज अर्कातला एकेक घटक यंत्रावर अलग दिसतो. मग एखाद्या मुळीवर जीव असेल तर ती प्रमाणित करा, नैतिक समितीची परवानगी घ्या, माणसांवर नीट चाचणी करा. उतरली तर उतरली म्हणा. नाही उतरली तर तेही छापा. नापास झालेल्या मुळीचा निकाल छापणं हीसुद्धा लोकांची सेवाच आहे.

सगळ्या प्राणी-प्रयोगांना मी नावं ठेवत नाही. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे निश्चल पडले. मग एल-डोपा दिलं आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. त्यातून डोपामिनचं महत्त्व कळलं, पार्किन्सनच्या उपचाराची वाट उघडली आणि २००० साली कार्लसनना नोबेल मिळालं. त्या सशांचा उपयोग झाला, कारण प्रयोग करणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारायचा होता.

'हे सगळं फार्मा कंपन्यांचं कारस्थान आहे'

हा आक्षेप येणारच, म्हणून आधीच घेतो.

रेसर्पिन दाबून ठेवलं नाही. बड्या कंपनीनंच ते जगभर विकलं. नंतर ते मागे पडलं, कारण कमी त्रास देणारी औषधं आली. चीनमध्ये थोड्या मात्रेतल्या मिश्र गोळ्यांत ते अजूनही वापरलं जातं. कारस्थान असतं तर एवढा इतिहास छापील मिळाला नसता.

पण या आक्षेपात थोडं खरंही आहे आणि ते मान्य करायला हवं. मुळी इथली, पिढ्यांचं निरीक्षण इथलं, पहिले रुग्ण इथले, आणि मोठा नफा झाला बाझेलला. मागणी वाढली तशी रानं उपसली गेली. मुळी काढायची म्हणजे झाडच मरतं. सर्पगंधेचं नाव आज साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, म्हणजे तिच्या व्यापारावर नियंत्रण ठेवावं लागतं. तंबूतल्या पुडीसाठी कुठल्या रानातलं झाड गेलं, हेही कुणी विचारत नाही.

आणखी एक खरं. मामा तंबूत गेला, कारण तंबूवाला त्याच्याशी अर्धा तास बोलला. दवाखान्यात दोन मिनिटं मिळाली होती. 'कायमची' म्हणजे का कायमची, हे कुणी सांगितलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात १५ वर्षांवरच्या साधारण २१ टक्के बायकांना आणि २४ टक्के पुरुषांना उच्च रक्तदाब आहे. एवढ्या माणसांना दोन-दोन मिनिटांत उरकलं तर उरलेली अठ्ठावीस मिनिटं तंबूवाला घेणारच. हे नीट करता येतं. सातारा, सिंधुदुर्गसारख्या जिल्ह्यांत सरकारी केंद्रांवर ठरलेल्या मोजक्या गोळ्या, रुग्णाचं कार्ड आणि चुकलेल्या माणसाला फोन, अशा साध्या पद्धतीनं बीपी ताब्यात ठेवायचा कार्यक्रम झालेला आहे. त्यात कसलीही जादू नाही.

मग मागायचं काय?

पहिली मागणी सरकारकडे. औषधे आणि जादुई उपाय कायदा १९५४ पासून आहे. ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायला बंदी आहे, त्यांच्या यादीत रक्तदाब स्पष्ट लिहिलेला आहे. २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या प्रकरणात पतंजलीला सर्वोच्च न्यायालयासमोर वर्तमानपत्रांतून जाहीर माफी मागावी लागली. म्हणजे कायद्याला दात आहेत. ते गल्लीतल्या फलकावर आणि मोबाइलमधल्या रीलवरही उमटू देत.

दुसरी मागणी आपल्या कोल्हापूरकडे. उचगावपासून हाकेच्या अंतरावर शिवाजी विद्यापीठ आहे. तिथं वनस्पतिशास्त्र विभाग आहे, वनस्पती उद्यान आहे. शहर-जिल्ह्यात वैद्यकीय आणि आयुर्वेद महाविद्यालयं आहेत. बाजारातल्या पुड्या विकत आणा, कुठल्या पुडीत कुठलं झाड आणि किती द्रव्य आहे ते तपासा आणि निकाल मराठीत लोकांसमोर ठेवा. यासाठी नोबेल लागत नाही. एक वर्ष आणि थोडा निर्लज्जपणा पुरे.

तिसरी मागणी तुमच्याकडे. हे तुम्ही मोबाइलवर वाचताय, म्हणजे घरातल्या ग्रुपवर तुम्ही आहातच. पुढच्या वेळी 'बीपी मुळापासून बरं' असा मेसेज आला तर हसू नका, आणि चिडूनही काही होत नाही. तीनच प्रश्न विचारा. किती माणसांवर मोजलं? कुणी मोजलं? एका चमच्यात औषध किती? आणि घरात कुणी मुळी घेत असेल तर ती डॉक्टरांपासून लपवायला लावू नका, पुडी घेऊनच जा. गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू देऊ नका. मागच्या रविवारी घरातल्या किती जणांचं बीपी मोजलं होतं, हेही एकदा स्वतःला विचारा.

मामा आता सकाळी गोळी घेतो. मामी डाव्या दंडाला मशीनचा पट्टा बांधते आणि आकडा वहीत लिहिते. परवा मी गेलो तेव्हा १३४/८४ होतं. मामानं डाव्या हातानं वही माझ्याकडे सरकवली आणि आकड्यावर बोट ठेवलं. बोलता येत नव्हतं, पण काय दाखवायचंय ते कळत होतं.

एवढंच आधी करायचं होतं.